लाय ङन दॅ : लाओसमध्ये जेवणाचे पैसे देताना

श्रोतेहो, नमस्कार. लाओसला निघालेली माणसं तिथे काय खायचं ते दहा जणांना विचारून घेतात. खाऊन झाल्यावर पैसे कसे द्यायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेवढंच सांगते.

पहिले तीन शब्द. लाय ङन दॅ. पुन्हा ऐका: लाय... ङन... दॅ. लाय म्हणजे हिशोब करणं, ङन म्हणजे पैसे, आणि 'दॅ' हा विनंतीचा, आपल्या 'जरा'सारखा. जरा हिशोब करता का? ङ तोच, वाङ्मयातला. जेवण वाढणारी मुलगी वयाने लहान असेल तर आधी 'नाँग' म्हणा, धाकट्या भावंडाला म्हणतात तसं. मोठी असेल तर 'उआय', म्हणजे ताई. नुसतं 'ए' करून किंवा चुटकी वाजवून हाक मारणं मला आपल्याकडेही खपत नाही.

आता माझी गोष्ट. मी आणि माझी धाकटी बहीण व्हिएंतियानला मेकाँगच्या काठी जेवायला बसलो होतो. पलीकडे थायलंडचे दिवे. पोटात गवती चहा भरून, वरून मीठ चोळून निखाऱ्यावर भाजलेला मासा, वेताच्या टोपलीत चिकट भात, शिवाय लाप, म्हणजे तिथली खिम्याची कोशिंबीर. शेजारच्या टेबलाखाली बिअरच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. कुणी उचलत नव्हतं, कारण शेवटी त्याच मोजून हिशोब होतो.

मी म्हटलं, "उआय, लाय ङन दॅ." मालकीणबाई आल्या, ताटल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सॅन हा." आकडे मी पाठ करून गेले होते. सॅन म्हणजे लाख, हा म्हणजे पाच. मी लाखाच्या पाच नोटा मोजून हातावर ठेवल्या.

त्यांनी दोन ठेवून घेतल्या. अ‍ॅप्रनच्या खिशातून पन्नास हजारांची एक नोट काढली, माझ्याच तीन नोटांवर ठेवली आणि सगळं माझ्यापुढे धरलं. उजव्या हातात पैसे, डावा हात उजव्या कोपराला लावलेला. मला वाटलं, पाहुण्या म्हणून सूट देताहेत. मी नको नको म्हणत परत सरकवते, त्या पुन्हा पुढे करतात. शेवटी त्यांनी लेकीला हाक मारली. तिने कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला: 1,50,000.

श्रोतेहो, 'सॅन हा' म्हणजे दीड लाख. 'हा सॅन' म्हणजे पाच लाख. पुन्हा सांगते. आकडा आधी आला तर तितके लाख. नंतर आला तर लाखावर तितके दहा हजार. सॅन हा, दीड लाख. हा सॅन, पाच लाख. मालकीणबाई "बो पेन न्यांग" म्हणाल्या, काही हरकत नाही, आणि साडेतीन लाख माझ्या मुठीत देऊन मूठ मिटली.

माझ्या आजीला दीडकी, अडीचकी झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची. शाळांनी हे पाढे सोडले ते फार वाईट झालं, असं माझं ठाम मत आहे. असो.

इतकी शून्यं का, तर किप, म्हणजे तिथलं चलन, घसरला. 2021 मध्ये डॉलरला साधारण नऊ-साडेनऊ हजार किप मिळायचे, 2023 मध्ये वीस हजारांच्या वर गेले. नाणी चालत नाहीत, सगळ्या नोटाच. क्यूआर कोड गावोगावी दिसतात, पण ते मुख्यतः तिथल्या बँकखात्यांसाठी, तेव्हा रोख जवळ असू द्या. टिप कुणी धरून चालत नाही. वरचे सुटे पैसे ठेवलेत तर आनंदाने घेतात. आणि ज्याने जेवायला बोलावलं तोच पैसे देतो. तुमच्या लाओ यजमानांशी बिलावरून ओढाताण करू नका, दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलवा.

निघताना 'खॉप चाय'. खॉप... चाय. म्हणजे आभार. जेवण आवडलं असेल तर 'सॅप', चविष्ट, हेही जरूर म्हणा.

आणि उठण्याआधी भाताच्या टोपलीचं झाकण लावा. ते उघडं राहणं तिथे अशुभ मानतात. आम्ही दोघी पैशांच्या गोंधळात विसरलो होतो. वळून पाहिलं, तर मालकीणबाईंची लेक आमच्या टोपलीवर झाकण बसवत होती.