राजापूरची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. 2009 च्या लोकसभा निवडणुकीत मतदाराची चिठ्ठी घेऊन एक पोरगा खळ्यात आला. ऐंशीच्या घरातली माझी मावशी ती चिठ्ठी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. वर मतदारसंघाचं नाव छापलेलं होतं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. "ह्यां खयचां? आमचां तर राजापूर," ती म्हणाली. तो पोरगा नुसताच हसला आणि पुढच्या घरी गेला.

मावशीचं काही चुकलं नव्हतं. तिनं जन्मभर राजापूर लोकसभा मतदारसंघातच मत टाकलं होतं. आज मला त्याच मतदारसंघाबद्दल तुमच्याशी बोलायचंय. 1957 ते 2004 या काळात तिथे तेरा निवडणुका झाल्या आणि तेरा निवडणुकांत मिळून खासदार झाले फक्त चार. मी हे बोटांवर दोनदा मोजून पाहिलं.

नाव राजापूरचं असलं तरी मतदारसंघाचा मोठा भाग दक्षिणेकडे होता. देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी असं करत तो थेट गोव्याच्या हद्दीला भिडायचा. 1957 साली त्या हद्दीपलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. इकडे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं गावंच्या गावं पेटलेली. अशा वेळी प्रजा समाजवादी पक्षाचे, पस्तिशीही न गाठलेले, मूळचे वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै इथून निवडून आले. पुढे 1962 आणि 1967 लाही तेच.

मावशी सांगायची, "बॅरिस्टर इले हत" एवढं कानावर आलं की माणसं चूड पेटवून डोंगर उतरायची. देवळासमोर गॅसबत्ती टांगलेली असायची. तिच्याभोवती पाखरांचा नुसता खच पडायचा, पण भाषण संपेपर्यंत कोणी जागचं हलत नसे. दिल्लीत काय चाललंय हे आपल्याला कोणीतरी बरोबरीच्या माणसासारखं समजावून सांगतंय, हे त्या माणसांना फार मोलाचं वाटत होतं.

दिल्लीतलं त्यांचं काम केवढं होतं, त्याचा एकच दाखला देतो. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 5 अशा निसटत्या बहुमतानं निकाल दिला, की मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. निकालाला दोन महिने होण्याआधीच नाथ पैंनी घटनादुरुस्तीचं खाजगी विधेयक मांडलं. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटना दुरुस्त करता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर देशभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. विधेयक मंजूर झालं नाही, पण 1971 साली सरकारनंच चोविसावी घटनादुरुस्ती आणून तो अधिकार संसदेला परत मिळवून दिला. ती पाहायला नाथ पै राहिले नव्हते. 18 जानेवारी 1971 रोजी हृदयविकारानं ते गेले. वय अवघं 48. लोकसभा नुकतीच बरखास्त झाली होती आणि निवडणूक तोंडावर आली होती.

आणि त्या निवडणुकीत राजापूरनं जे केलं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. सगळीकडे इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रातल्या 45 जागांपैकी 42 काँग्रेसनं नेल्या. राजापूरनं मात्र मूळ अहमदनगरच्या आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाला निवडून दिलं. ते मधु दंडवते. अख्ख्या देशात त्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला त्या वेळी दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक ही. मग 1977, 1980, 1984 आणि 1989. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या 1984 च्या लाटेतसुद्धा इथला मतदार हलला नाही.

आता कोकणातल्या श्रोत्यांना मी मनिऑर्डर म्हणजे काय ते सांगायला नको. घरटी एक तरी माणूस मुंबईला. आधी बोटीनं, मग एसटीच्या रातराणीनं. पोस्टमन आला की चूल पेटायची. दंडवत्यांनी हे सगळं जवळून पाहिलेलं होतं. 1977 साली ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी रात्रभर उघड्या लाकडी फळीवर झोपत असे. सकाळी उठला की पाठीवर पट्ट्यांचे वळ. त्या फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्या दंडवत्यांमुळे. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही नव्हता, हे ध्यानात घ्या. 1974 च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. ही दोन कामं सोडून त्यांनी दुसरं काहीच केलं नसतं, तरी राजापूरच्या मतांचं सोनं झालं असतं.

कोकण रेल्वेसाठी मात्र 1990 उजाडावं लागलं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि कामावर अभियंता ई. श्रीधरन. केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, बाकीचा कर्नाटक, गोवा आणि केरळचा, शिवाय रोख्यांतून उभारलेला पैसा. महामंडळ स्थापन झालं, काम सुरू झालं, आणि 1991 ला दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. डोंगर पोखरून 1998 साली सगळा मार्ग खुला झाला, गाड्या राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला थांबू लागल्या, तेव्हा दंडवते इथले खासदार नव्हते. मला हे लागतं. मतदारांना दोष देत नाही, पण लागतं.

तेव्हा खासदार होते शिवसेनेचे सुरेश प्रभू. 1996 पासून 2004 पर्यंत ते चार वेळा निवडून आले. वाजपेयींच्या सरकारात त्यांच्याकडे ऊर्जा खातं होतं. पुढे 2014 साली तेही रेल्वेमंत्री झाले, पण तोवर राजापूरची जागा उरलेली नव्हती.

ती गेली 2008 साली. मतदारसंघांची पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवरून झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या 48 जागांना वाटली तर एका जागेला सरासरी 20 लाख माणसं येत होती. सिंधुदुर्ग जिल्हा आख्खा धरला तरी जेमतेम पावणेनऊ लाख, रत्नागिरी जिल्हा 17 लाख. म्हणून रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागा मोडल्या. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एक नवी जागा झाली आणि दापोली, गुहागर रायगडला जोडले गेले. तिकडे ठाणे जिल्ह्यात जागा वाढल्या.

आमची माणसं कुठे गेली होती, श्रोतेहो? तिथेच. डोंबिवलीला, दिव्याला, नालासोपाऱ्याला. शिरगणती करणारा आला तेव्हा ती तिकडच्या खोलीत होती आणि इथे गावी घराला कुलूप होतं. तीन पिढ्या मनिऑर्डर पाठवून ज्यांनी ही घरं उभी ठेवली, त्यांच्या जाण्यानंच ही जागा गेली.

2009 ला नव्या मतदारसंघात प्रभू हरले, काँग्रेसचे निलेश राणे जिंकले. राजापूर हे नाव आता फक्त विधानसभेच्या जागेला उरलंय.

मावशीनं त्या दिवशी मत दिलं. शाळेतून परत आल्यावर तिनं ती चिठ्ठी घडी करून देवाच्या फळीवर, जुन्या मनिऑर्डरींच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. मे महिन्यात तिचा मुलगा डोंबिवलीहून गाडीनं आला, कणकवलीला उतरला. त्यालाही तिनं तेच विचारलं, "ह्यां खयचां रे?"

नमस्कार.