दोन बोटं कोणासाठी?

मंडळी, आज मी बेसबॉलच्या कॉम्प्युटर गेममधल्या हाताच्या खुणांवर बोलणार आहे, म्हणून बाहेर चहा घेताना दोघातिघांनी मला विचारलं, "बेसबॉल? आणि फोंड्यात?" फोंड्यात बेसबॉलचं मैदान नाही, खरं आहे. पण माझा म्हापशाचा भाचा तो कॉम्प्युटरवर खेळतो, आणि गेल्या मे महिन्यात आठवडाभर मी त्याच्या शेजारी बसून होतो.

पडद्यावर एक क्षेत्ररक्षक मधूनच हात वर करायचा. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं दुमडलेली. भाचा म्हणाला, "मामा, ही रॉकवाल्यांची खूण. गंमत म्हणून टाकलीय कोणीतरी." मला पटेना. गंमत असती तर कधीही आली असती. मी कागद घेतला आणि खूण दिसली की धावफलक उतरवून घ्यायला लागलो. अकरा वेळा दिसली. अकराही वेळा दोन बाद!

बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव उलटतो. दोन बाद असताना चेंडू कुठे फेकायचा याचं गणित बदलतं, म्हणून खेळाडू एकमेकांना आठवण देतात. तर्जनी आणि मधलं बोट शेजारी शेजारी धरलं तर लांबून एकच बोट दिसतं. म्हणून दोन टोकांची बोटं.

हे मला लगेच भिडलं, कारण मी पेडण्यातला, दशावतार बघत वाढलेला. दशावताराला लिहिलेली संवादांची वही नसते. राजा बोलत असतो, तो पद, म्हणजे गाणं, कधी उचलणार हे पेटीवाल्याला कसं कळावं? आमच्या जत्रेला येणारा एक राजा बोलता बोलता थांबायचा आणि डाव्या हाताने शेला खांद्यावर सारायचा. केवढा रुबाब! घरी मी टॉवेल घेऊन तसंच करायचो आणि आईचा ओरडा खायचो. पुढे झांज धरून पखवाजवाल्याशेजारी बसायला लागलो, तेव्हा त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "शेलो बघ रे, शेलो!" शेला सरला की पद. रुबाब आम्हा प्रेक्षकांना दिसायचा, निरोप पेटीवाल्याला जायचा.

एका रात्री पेटीवर नवा मुलगा होता. शेला सरला, पेटी गप्प. पुन्हा सरला, पेटी गप्प. राजाने बिचाऱ्याने प्रजेच्या सुखदुःखावर आणखी दहा मिनिटं काढली, आणि काय सुंदर बोलला तो! पहाटे घरी जाताना लोक त्याच भाषणाबद्दल बोलत होते.

(आता अध्यक्ष मागून बोटं दाखवताहेत. एक मिनिट की दोन? इथून एकच दिसतंय... बघा मंडळी, हेच! हां, आता कळलं. तर्जनी आणि करंगळी. दोन मिनिटं.)

मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो. या हालचाली बनतात कशा? खऱ्या खेळाडूच्या अंगाला घट्ट पोशाख, त्यावर चमकणारे छोटे गोळे, भोवती कॅमेरे. सांध्यांची हालचाल टिपली जाते आणि त्याचे तुकडे गेममध्ये साठवतात. दोन बाद झाले की अमुक तुकडा, चेंडू उंच उडाला की आकाशाकडे बोट दाखवणारा तुकडा. खऱ्या मैदानात ते बोट सोबत्याला चेंडू सापडावा म्हणून असतं. गेममधल्या सोबत्याला चेंडू कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. म्हणजे शेला सरतो, पण तो बघायला पेटीवालाच नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. हालचाल मनगटापर्यंत हुबेहूब आहे, पण ती वाचणारं कोणी नाही, म्हणून ती भाच्याला वेडाचार वाटते. क्रिकेट न पाहिलेल्याला लेग बायला गुडघा थोपटणारा अंपायर असाच वाटेल. माझं म्हणणं, खूण चुकण्याची सोय करा. एखाद्याने ती पाहिली नाही तर त्याने चेंडू भलतीकडे फेकावा. मग खेळणारा आपण होऊन बोटांकडे बघायला लागेल.

आणि हे आताच करायला हवं, कारण खरा खेळही बदलतोय. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2022 पासून बॅटरमागे बसणारा कॅचर बोटांच्या खुणांऐवजी बटण दाबून पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, टोपीतल्या स्पीकरवर कोणता चेंडू टाकायचा हा निरोप देऊ शकतो. 2023 पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळाची मर्यादा आहे, बेस (धावपटूंचे थांबे) रिकामे असताना 15 सेकंद. दर चेंडूला आपल्या चौकटीबाहेर येऊन हातमोजे सोडून पुन्हा आवळणाऱ्या बॅटरला आता तेवढी उसंत नाही. या खुणा मैदानावरून कमी होत जातील, तेव्हा त्या टिपलेल्या तुकड्यांतच सापडतील. निदान त्यांचा अर्थ तरी त्यांच्याबरोबर ठेवा.

तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक टोपी, कान, छाती, पट्टा असं चाचपत असतो आणि त्यातलं बरंचसं प्रतिस्पर्ध्याला चकवण्यापुरतं असतं, ते सांगायचं राहिलंच. भाचा लॅपटॉप घेऊन आलाय. मागच्या मंडळींनी पुढे या, दिवा थोडा मंद करा, आणि खुणा मोजायला एकाने कागद घ्या.