गिन्नी घासू नका, आधी उजेडात धरा

नमस्कार मंडळी. लक्ष्मीपूजनाला कपाटातली गिन्नी, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं सॉव्हरिन नाणं, बाहेर निघते आणि निघाली की आधी चिंच नाहीतर पितांबरी लावून तिला चकाचक घासायची, ही आपल्याकडची पद्धतच. हात जोडून सांगतो, नका करू. मोडीतच द्यायची असेल तर वजनावर जाईल, पण जुनं नाणं म्हणून जे जास्तीचे पैसे मिळतात ना, ते त्या घासण्यात जातात.

आधी रंगाचं बघू. पुष्कळ जण म्हणतात गिन्नी लाल दिसतेय, म्हणजे खोट असणार. अहो, ती 22 कॅरेट, चोवीस भागांत दोन भाग मिश्रण, आणि ते मिश्रण बहुतेक तांब्याचं, मग लालसर दिसणारच की! सिडनीच्या टांकसाळीत सुरुवातीला चांदी मिसळायचे, ती नाणी पिवळट दिसतात. आजीच्या माळेतल्या पुतळ्या म्हणजे मूळची व्हेनिसची नाणी, जवळपास शुद्ध सोनं, त्या तर हळदीसारख्या पिवळ्या, अर्थात अस्सल असतील तर, कारण इथल्या सोनारांनी घडवलेल्या नकला पण ढीगभर आहेत.

आता ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून ठरणारी प्रत. दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली सगळंच सोनं छान दिसतं, त्यामुळे नाणं खिडकीजवळ न्या, कडेला धरा, मधे बोट लावायचं नाही, आणि हळूहळू तिरकं करा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकीचा पट्टा गोल फिरतो, कुठेही तुटत नाही. पाचव्या जॉर्जची गिन्नी असेल तर राजाची मिशी, गाल, कानावरचे केस बघा, मागच्या बाजूला घोडेस्वाराची मांडी आणि शिरस्त्राण. झीज तिथेच आधी होते, तो पट्टा तिथे आला की विझतो आणि रंगही जरा वेगळा, मळकट दिसतो. नक्षी पुसट पण चकाकी शाबूत असेल तर ती झीज नव्हे, ठसाच हलका बसलाय.

आणि उलटं झालं, म्हणजे केस झिजलेत पण नाणं आरशासारखं चमकतंय, तर कोणीतरी पॉलिश मारलंय हे नक्की समजा. दहा पट भिंगातून बघितलं की एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. कडेवर डाग दिल्याची, म्हणजे सांधा जोडल्याची, खूण असेल तर कधीतरी कडी लावून गळ्यात घातलेली होती, सराफ ती खूण सफाईने लपवतात, पण त्या जागेचा रंग फिकट राहतो.

अक्षरांच्या खाचेत लाल-पिवळं दिसलं तर लगेच जुना रंग म्हणून खूश होऊ नका हं, आपल्याकडे ते बऱ्याचदा वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू असतं! शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ ठेवलं की ते बरंचसं सुटतं, सोन्याला काही होत नाही, फक्त खिडकी उघडी ठेवा, गॅस-निरांजन लांब ठेवा आणि घासायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग आणि वास घातलेला असतो.

सराफ बाजारात गेलात तर कसोटीवर ओढू देऊ नका, कडेचं सोनं जातं. मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढा, वजन करा. पूर्ण वजन 7.98 ग्रॅम, आणि 7.93 च्या आसपास खाली गेलेली गिन्नी ब्रिटिश काळात चलन म्हणून धरतच नव्हते.

नाशिकला सोन्याच्या नाण्यांचा हिशोब नवा नाही बरं का, तिथल्या पांडवलेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, 35 कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, असा भावच कोरलाय!

जाता जाता एक. तुमच्या गिन्नीवर साल 1918 असेल तर सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, भिंगातून बघा. तिथे बारीकसं इंग्रजी 'आय' दिसलं तर ती लंडनची नाही, आपल्या मुंबईच्या टांकसाळीतली आहे, आणि तिथे गिन्नी त्या एकाच सालाची पडली.