सांधा विटेपेक्षा मऊ हवा

मंडळी, आजचा ठरलेला विषय इंग्लंडमधल्या, विशेषतः नॉरफक-सफककडच्या, सतराव्या-अठराव्या शतकातल्या विटांच्या फार्महाउसची मांडणी. पण घरात शिरण्याआधी भिंतीपाशी थांबू या. ही घरं आज खचतायत ती सांध्यांपायी.

भिंत भरीव, बहुधा नऊ इंचांची, म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी. मधे पोकळी नाही, पायाशी ओल अडवणारा थर नाही. पाऊस आत मुरतो आणि वारा सुटला की मुख्यतः चुन्याच्या सांध्यांतून निघून जातो. चुना विटेहून मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे झीज त्याची होते, वीट शाबूत राहते. त्याच सांध्यांत सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद. मग पाणी विटेतूनच बाहेर पडायला बघतं, थंडीत तिथेच गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो. अशी भिंत जवळून बघा: सिमेंटची जाळी पुढे आलेली, मधली वीट खोलगट, बोट फिरवलं की लाल भुकटी. वर ऐकायला मिळतं, वीटच कच्ची होती! अहो, अडीचशे हिवाळे काढलेली वीट कच्ची कशी असेल?

दुरुस्ती करताना ग्राइंडर लावू नका, विटेच्या कडा जातात. हातोडी आणि अरुंद छिन्नी घ्या. सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल कोरा, धूळ झाडा, भिंत भिजवा. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि सांध्याचा भुगा होतो. एक भाग चुना, तीन भाग कणीदार वाळू. पारा पाच अंशांखाली असेल तर काम थांबवा. भरल्यावर काही दिवस ओलं तरट टांगून ठेवा.

विटेचं मापही बघत जा. 1784 साली दर हजार विटांमागे कर बसला, तशा विटा मोठ्या होऊ लागल्या. म्हणून 1803 मध्ये 150 घनइंचांवरच्या विटेला दुप्पट कर लावला. तो 1850 मध्ये उठला. मोठी वीट दिसली की काळाचा अंदाज येतो, खात्री मात्र नाही, कारण जुन्या विटा पुन्हा वापरल्या जात.

वेळ संपत आला, मांडणी भरभर सांगतो. दार उघडलं की समोर लहानशी जागा आणि लगेच धुराड्याचा जाडजूड विटांचा गाभा. एका हाताला हॉल, म्हणजे घराचा रोजचा वावर आणि बऱ्याचदा स्वयंपाकही. दुसऱ्या हाताला पार्लर, म्हणजे बैठकीची खास खोली. दोन्हीकडच्या शेगड्या पाठीला पाठ लावून, धुराडं एकच. जिना बहुधा गाभ्याला लागून. दुधालोण्याची खोली शक्यतो उत्तरेला, थंडाव्यासाठी. बाहेरून खूण सोपी: दाराच्या बरोबर वर धुराडं.

आणि पाहणी तिथूनच सुरू करा. छपरावरचं धुराडं चारी बाजूंनी भिजतं, आतून काजळीतली सल्फेटं येतात. सांध्यांत सिमेंट असेल तर ती त्याला फुगवतात. जास्त ओली राहणारी बाजू जास्त वाढते आणि धुराडं दुसऱ्या अंगाला कलतं.