दोरी, साप आणि मेंदू

श्रोतेहो, नमस्कार. अंधुक उजेडात दोरी साप वाटते, हा दाखला वेदान्तात फार जुना. पण दोरी नीट ओळखण्याआधीच पाय मागे येतो, तो कसा?

मेंदूत खोलवर, कानांच्या रेषेत दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक पेशीसमूह असतो, अमिग्डला. धोक्याचा संशय येताच तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला कळवतो. हायपोथॅलॅमसचं वजन जेमतेम 4 ग्रॅम, पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच्या हुकमात. त्यांचं अॅड्रिनलिन हे संप्रेरक काही सेकंदांत रक्तात उतरतं, छाती धडधडते. त्यांचंच दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, सावकाश चढतं, 20 ते 30 मिनिटांनी शिगेला पोचतं. म्हणून कडाक्याच्या भांडणानंतर लगेच ‘शांत हो’ म्हणणं फुकट जातं. तासभर विषय काढू नये. मिनिटाला सहाएक श्वास, सोडताना जास्त लांबवून, असं पाच मिनिटं केलं की ठोके उतरू लागतात.

मेंदूतल्या अशा भागांना ‘लिंबिक सिस्टीम’ हे नाव अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांनी 1952 मध्ये दिलं. नाव सोयीचं आहे, पण भावनेचं खातं वेगळं आणि बुद्धीचं वेगळं, अशी वाटणी मेंदूत नाही.

कात्रजच्या सर्पोद्यानात काचेआडचा नाग बघून आपण पळत नाही, कारण अमिग्डलाच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग जागेची आणि प्रसंगाची ओळख पुरवतो. तरी भीतीला प्रसंग आठवावाच लागतो असं नाही. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी स्मृती गमावलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली होती. पुढे त्यांना टोचल्याचं आठवेना, पण त्या हात मात्र पुढे करीनात. क्लापारेदांनी हे 1911 मध्ये नोंदवलं.

आता कुत्र्याला घाबरणारं मूल घ्या. आधी चित्र, मग रस्त्यापलीकडचं साखळीतलं कुत्रं, मग दहा पावलांवरून. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. रडू आलं म्हणून मधूनच घरी नेलं, तर सुटल्याचा आराम मिळतो आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच पक्कं होतं. हा सराव एकाच अंगणात करू नका. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिक्षण चढतं, आणि ते बरंचसं जागेशी बांधलेलं असतं. अंगणात धीट झालेलं मूल मामाच्या गावी पुन्हा किंचाळतं ते त्यामुळेच. तिथे पहिल्या पायरीपासून सुरू करा, या खेपेला वेळ बहुधा कमी लागतो.