काका कमी का बोलायचे

(इस्रायलमधल्या दिमोना गावी, मराठी ज्यूंच्या महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

सगळ्यांना शालोम आणि नमस्कार.

समितीने मला काकांबद्दल चार शब्द बोलायला सांगितलंय. नाव घेणार नाही, काकूंची तशी ताकीद आहे. आणि इथे बसलेल्या कुणाला ते सांगायची गरजही नाही. शिवाच्या, म्हणजे आपल्या सुतकाच्या, सात दिवसांत जो आला तो म्हणाला, "कष्टाळू माणूस, शांत माणूस, घरासाठी झिजला." मीही म्हणाले. पण हे आपण गेलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याबद्दल म्हणतो. म्हणून आज थोडं वेगळं सांगते.

काका शांत नव्हते, ते कमी बोलायचे. आणि जे काही बोलायचे ते ओरडून! जेवताना "मीठ दे" म्हणाले तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. यामागचं कारण ते ज्या कामावर होते त्यात आहे. भायखळ्याला राहायचे तेव्हापासून ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. इथे आले १९६३ साली, तेव्हा गाव वसून जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि इथेही कापडाच्या कारखान्यात साच्यांवरच लागले. धोट्याच्या साच्यांचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. आज ८५च्या वर गेलं की कान झाका म्हणतात. त्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायचे, तोही आठवला तर. साचेखात्यात कुणी कुणाशी बोलत नाही, ओठ वाचतात, हातवारे करतात. माझे वडील त्यांच्याच पाळीला होते. ते दोघे घरी गच्चीवर बसले तरी तसेच बोलायचे, भुवया आणि बोटं. आम्हा पोरांना वाटायचं दोघांचं भांडण झालंय.

म्हणजे ज्या शांतपणाचं आपण इतकं कौतुक केलं, त्यातला निम्मा तरी साच्यांनी दिलेला होता. काकांना ऐकू यायचं नाही, आणि सारखं "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटायची. मग ते हसायचे आणि मान डोलवायचे. कितीतरी लग्नांत, बैठकांत, मंडळाच्या सभांत ते असे मान डोलवत बसले. कुणी ठरावाला हात वर करा म्हटलं की शेजाऱ्याकडे बघून करायचे. पुढे मुलाने कानाचं यंत्र आणून दिलं. ते डबीत असायचं. डबी उघडायची ती फक्त कीर्तनाला. आपल्या बायका योसेफाचं आख्यान लावायच्या तेव्हा काका पहिल्या रांगेत, यंत्र लावून, डोळे मिटून. कीर्तन संपलं की यंत्र पुन्हा डबीत. एकदा मी म्हटलं, काका, राहू द्या ना कानात. म्हणाले, "बाकीचं ऐकून काय करायचंय?"

आता त्यांच्या गप्प राहण्याची दुसरी बाजू. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींचं, म्हणजे धर्मगुरूंचं, फर्मान निघालं की बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंची, लग्नं लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. त्याविरुद्ध १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि फर्मानातला आपल्या नावाचा उल्लेख शेवटी काढावा लागला. काका त्या धरण्यात होते. नोकरीला वर्ष झालं होतं, थोरली मुलगी पाळण्यात, पगार कापला गेला. काही वर्षांमागे आपल्या तरुण मुलांनी जुन्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्या, तेव्हा काकांनाही बसवलं. धरण्याबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "बसलो होतो. ऊन फार होतं." बस. पोरं निराश झाली. मला मात्र ते उत्तर आवडतं, त्यात एकही शब्द वाढवलेला नाही.

मुंबईतल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला तेव्हाची गोष्ट काकूंनी सांगितली. लालबागला काकांचा जुना जोडीदार होता, एकाच साच्यावर आलटूनपालटून दिवसपाळी-रातपाळी केलेला. संप लांबत गेला तसं काकांनी त्याला पैसे पाठवायला सुरुवात केली. मुंबईला निघालेला जो कुणी नातेवाईक सापडेल त्याच्या हाती पाकीट. इथे घरात फ्रिज घ्यायचा होता. "मी महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी," काकू म्हणाल्या, "पण त्यांना ते कळलं तरी का, देव जाणे." हे सांगताना त्या हसत होत्या, म्हणून इथे सांगायची हिंमत करते. फ्रिज पुढे कधीतरी आला. जोडीदाराची गिरणी काही परत सुरू झाली नाही.

शनिवारची मात्र त्यांची पंचाईत व्हायची. आपण अलिबागकडचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची पोरं. शब्बाथ काका कडक पाळायचे, पण रिकामे हात त्यांना जड व्हायचे. मग ते मागे हात बांधून गावभर फिरायचे. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी पाळणा हललाय, सगळं त्यांना त्या फेरीत कळायचं, न विचारता. रविवारी सकाळी त्या घरी कुठल्यातरी नळाचा वॉशर बदललेला असायचा.

आणि मलिदा, आपला पोह्यांच्या ताटाचा नवसाचा विधी. घर कुणाचंही असो, नारळ खवायला काका. स्वयंपाकघरात पाट टाकून विळीवर बसायचे. पांढराशुभ्र कीस, तपकिरी पाठ एक कण येऊ द्यायचे नाहीत. करवंटी हातात फिरवायची त्यांची पद्धत होती, अंगठ्याने टोक चाचपून बघत. पोहे भिजवणाऱ्या बायकांना घाई असायची, त्या म्हणायच्या, "काका, आवरा." काकांना ऐकू यायचं नाही. बाहेर एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, गाणं सुरू व्हायचं, ताटात पोहे, गूळ, वेलची, खजूर, फळं लागायची, आणि काका हात धुऊन मागच्या खुर्चीवर येऊन बसायचे. त्यांच्यामुळे आपल्याकडचा मलिदा दिसायला फार सुरेख असायचा. हे त्यांना कुणी कधी सांगितलं का, मला माहीत नाही. सांगितलं असेल तर बहुधा पुरेशा मोठ्याने सांगितलं नसणार.

पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीच्या नव्या घरी मलिदा आहे. काकूंनी विळी माझ्याकडे दिली आहे आणि पाते लावून आणायला सांगितलं आहे. नारळ बरेच आहेत, माझ्या एकटीच्याने होणार नाही. विळीवर बसता येणाऱ्यांनी जेवणाआधी मला नावं द्या. बाकी कुणी कितीही म्हटलं तरी मिक्सर चालणार नाही, हे काकूंचं म्हणणं आहे.