वूफर किलोवर घेऊ नका

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तो कूलर जरा स्लो करता का कोणी, नाहीतर आज बास म्हणून तोच ऐकू येईल.

विषय ओपन बॅफल, म्हणजे मागून उघडी नुसती फळी, आणि सील्ड बॉक्स, म्हणजे हवाबंद डबा; कुठे कोणता वूफर, म्हणजे बासचा स्पीकर, लावायचा. त्यावर येतोच, पण आधी माझं जुनं दुखणं सांगू द्या. आपल्याकडे लोक वूफर मॅग्नेट बघून घेतात. मामांना ओपन बॅफल करायचा होता, जुन्या सागवानी दाराच्या फळ्या पडून होत्या घरी, म्हणून मी त्यांना नागपुरात बर्डीवर एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने पंधरा इंची डीजेवाला वूफर काउंटरवर उपडा ठेवला, खिशातला स्क्रूड्रायव्हर वरून सोडला, खट्टकन चिकटला. "ओढून बघा ना भाऊ!" मामांनी ओढला, निघेना, मग दुसरा हात लावला. झालं, मामा खलास. मी विचारतोय क्यूटीएस किती, म्हणजे रेझोनन्सला वूफर किती आवरलेला राहतो तो आकडा, कमी म्हणजे जास्त आवरलेला, तर तो म्हणे "क्यूटीएस-बिटीएस सोडा, वजन बघा." आणि मामा माझ्याकडे असे बघतायत की जसा मी जमलेल्या सोयरिकीत मोडता घालतोय.

घरी फळीवर लावला. आवाज दणदणीत, पण तबल्यातला डग्गाच गायब, नुसती चाट वाजतेय. मामी म्हणाल्या, "एवढं धूड आणून हेच का?"

आता बघा, मॅग्नेट जबरदस्त म्हणजे कोनवर, त्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्यावर, पकड जबरदस्त, म्हणजे क्यूटीएस कमी, ०.३ च्या आसपास. अशा वूफरचा बास रेझोनन्सच्या, म्हणजे कोन आपणहून झुलतो त्या फ्रिक्वेन्सीच्या, बराच आधीपासून उतरायला लागतो. त्यात ओपन बॅफलला मागची लाट फळीला वळसा घालून पुढे येते आणि पुढचीला मारते. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तुमची फळी अर्धा मीटर! तिथे ऑक्टेव्हमागे, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की दर वेळी, ६ डीबी आणखी जातात. दोन्ही घसरणी मिळून डग्गा खाल्ला. मॅग्नेट वाईट नाही हो, तोच वूफर बरोबर पोर्टेड, म्हणजे हवेला भोक ठेवलेल्या, डब्यात घाला, मारबतीच्या मिरवणुकीत छाती हादरवेल, नको तेवढी हादरवेल.

वूफरच्या आकड्यांचं हे गणित इंजिनिअर थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं, आणि बर्डीवर अजून स्क्रूड्रायव्हर चिकटवतायत...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली, हॉल सोडायचाय. बरं, पटापट.

सील्ड बॉक्स: आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी धरते, त्याने क्यू, म्हणजे डब्यासकट तोच आकडा, वाढतो, म्हणून सुरुवात कमी क्यूने करायची, ०.३ ते ०.५. समजा क्यूटीएस ०.४, एफएस, म्हणजे वूफरचा स्वतःचा रेझोनन्स, ३० हर्ट्झ, आणि व्हीएएस, म्हणजे कोनच्या सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणारी हवा, १०० लिटर. डब्यात क्यू ०.७ हवा तर डबा साधारण ४८ लिटरचा, रेझोनन्स चढून ५२ हर्ट्झवर. ०.८ वाला वूफर डब्यात घालाल तर क्यू त्याच्याही वर जाणार, भसाभसा बूम.

ओपन बॅफल: इथे डबाच नाही, क्यू वाढवणारं कोणी नाही, म्हणून क्यूटीएस ०.७ किंवा वर, एफएस कमी, कोन मोठा आणि एक्समॅक्स, म्हणजे कोनला नीट हलायची मुभा, भरपूर, कारण एक ऑक्टेव्ह खाली तेवढाच आवाज हवा तर सील्डमध्ये कोन चौपट हलतो, इथे आठपट. शक्यतो दोन वूफर लावा, मागची भिंत मीटरभर लांब ठेवा.

लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म, म्हणजे सील्ड बॉक्सचा बास सर्किटने आणखी खाली नेणं, ते राहिलं, ते पुढच्या वेळी. हां, मागचे निळा शर्टवाले, विचारा, पण किती वॉटचा ते नका विचारू.